लग्नाचे फोटो एडिट करायला नवा पीसी : पैसा ग्राफिक्स कार्डात घालू की रॅम-एसएसडीत?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो होतात, सगळे रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची, मोठी फाइल), २४ मेगापिक्सेलचे. ते निवडून लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग आणि उजेड दुरुस्त करतो, मोजके फोटोशॉपमध्ये नेतो आणि करिझ्मा अल्बमची पानं लावून लॅबला पाठवतो. वैशाखात एकामागून एक लग्नं लागतात आणि प्रत्येक घराला अल्बम लवकर पाहिजे असतो.

सध्याचा पीसी म्हणजे चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, म्हणून पूर्ण डबाच बदलायचा आहे. बजेट ७५ हजार. मॉनिटर आयपीएस (रंग नीट दाखवणारा) आहे, तो तसाच ठेवणार.

नागपुरात सीताबर्डीला चौकशी केली. तिथं तगडं कार्ड आणि त्याच्यासोबत १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी असं सुचवलं. मला हे उलटं वाटतं. माझा सगळ्यात जास्त वेळ फोटो निवडण्यात जातो. पुढचा फोटो उघडला की तो स्पष्ट व्हायची वाट पाहत बसावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा रॅम भरलेली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर दिसते. पण रात्रीच्या वरातीचे फोटो आयएसओ ६४०० वर काढलेले असतात, म्हणून त्यांच्यात दाणे येतात, ते घालवायला लाइटरूमचं एआय डिनॉइज लागतंच. कार्डाशिवाय ते एकेका फोटोला कितीतरी मिनिटं घेतं. मग कार्ड किती मोठं घ्यावं?

दुसरी काळजी विजेची. रब्बीत कृषीपंप सुरू झाले की व्होल्टेज पार खाली येतं, अधूनमधून लाइन जाते. शेजारी जिनिंग आहे, हंगामात कापसाचे तंतू कॅबिनेटच्या पंख्यात जाऊन बसतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात. असा पीसी कोणी खेड्यात चालवत असेल तर सांगा न राजेहो.

प्रतिसाद, अकोल्याहून

भाऊ, तुमचा अंदाज बरोबर आहे. निवडताना प्रीव्ह्यू बनतात ते मुख्यतः प्रोसेसरच्या जोरावर, आणि कॅटलॉग (लाइटरूमची फोटोंची नोंदवही) व प्रीव्ह्यू (फोटोंच्या झटपट दिसणाऱ्या प्रती) हार्ड डिस्कवर असले की सगळं अडतं. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे एमबी देते, तेही फाइल सलग असली तर. चांगली एनव्हीएमई (जास्त वेगाच्या जातीची) एसएसडी तीन हजार एमबीच्या पुढे जाते. म्हणून १ टीबीची एनव्हीएमई घ्या. कॅटलॉग, प्रीव्ह्यू आणि चालू लग्नाचे रॉ तिच्यावर ठेवा, जुनी लग्नं हार्ड डिस्कवर हलवा. रॅम ३२ जीबी, दोन काड्यांत. प्रोसेसर सहा कोरचा रायझन ५ ७६०० पुरे आहे.

कार्ड मात्र टाळू नका. डिनॉइज मुख्यतः कार्डाच्या जोरावर चालतं, आणि एक्सपोर्टलाही त्याची मदत होते. ८ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०६० तुमच्या कामाला भरपूर. त्याच्या वरचं कार्ड गेम खेळणाऱ्याच्या उपयोगाचं, तुमचे ते पैसे रॅममध्ये जाऊ द्या. डिनॉइज निवडलेल्या रात्रीच्या फोटोंनाच लावा, अडीच हजारांना नाही.

यूपीएस लाइन इंटरॅक्टिव्ह घ्या, त्यात व्होल्टेज सावरायची सोय असते. साधारण १००० व्हीए म्हणजे ६०० वॅट, मॉनिटरसकट चालेल. मात्र तो काम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरताच, त्याच्यावर एडिटिंग करत बसू नका. आणि आधी अर्थिंग तपासा, खेड्यात बरेचदा नावालाच असतं. कॅबिनेट पुढून जाळीचा आणि धूळगाळणी काढून झटकता येईल असा पाहा. जिनिंगच्या हंगामात दर रविवारी गाळणी साफ करा.

धागाकर्ता

खूप आभार दादा. अर्थिंगसाठी उद्याच वायरमनला बोलावतो. एकच विचारायचं राहिलं : या सगळ्यात बजेट ओलांडत असेल तर ४०६० च्या जागी १२ जीबीचं जुनं ३०६० घेऊ का, की कार्ड नवंच घेऊन रॅम सध्या १६ वर थांबवू आणि दिवाळीनंतर दुसरी काडी टाकू?