शांघाय सहा दिवस, सोबत आई: टॉवर नकोत, जुनं शहर कुठे बघावं?

चाफेवाडी
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात नवऱ्याचं शांघायला काम आहे, त्याच्यासोबत मी आणि आई जाणार आहोत. आई ७१ वर्षांची, शाळेत इतिहास शिकवायची, लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं. टूरवाल्याने पाठवलेली यादी तिला वाचून दाखवली: मनोरे, रात्रीची बोट, रेशमाचं दुकान. ती म्हणाली, "उंच इमारती मी परळला रोज बघते. तिथे आधी कोण राहत होतं आणि ती माणसं कुठे गेली, ते दाखव." मला यातलं काहीच माहीत नाही. आई दिवसाला तीनेक किलोमीटर चालते, जिने सावकाश चढते. शाकाहारी आहे, अंडं चालतं. तिथे राहिलेल्या कोणी सांगाल का?

पूर्वेचा_वारा
ताई, मी तिथे सात वर्षं काढली. तुमच्या आईंचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या सकाळी सहा-साडेसहाला नदीकाठच्या 'बंड' नावाच्या जुन्या रस्त्यावर जा. नदीपलीकडच्या पुडोंगकडे, म्हणजे नव्या उंच मनोऱ्यांच्या भागाकडे, पाठ करून उभ्या राहा आणि हिरव्या टोकदार छपराचं हॉटेल शोधा. ते १९२९ साली व्हिक्टर ससूनने बांधलं. हे ससून म्हणजे आपल्या ससून डॉकचे आणि काळ्या घोड्याजवळच्या लायब्ररीचेच. बगदादहून मुंबईला आलेलं हे घराणं कापूस आणि अफूच्या व्यापारात वर आलं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या धंद्यात सर जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी व्यापारीही होते. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ चा नानकिंगचा तह झाला आणि १८४३ साली शांघाय परकीयांना खुलं झालं. आईंनी हा तह वर्गात शिकवला असेल. अफूचा तो पैसा मुंबईत कुठे मुरला हे त्यांना पाठ असणार, त्याचं दुसरं टोक इथे आहे.

मग गल्ल्या. त्यांना लोंगथांग म्हणतात आणि त्यातल्या घरांना शिकुमन, म्हणजे दगडी चौकटीचं दार असलेली घरं. काळा लाकडी दरवाजा, त्याला कड्या, आत इवलासा चौक. बांधली एका कुटुंबासाठी, पण पुढे एकेका घरात चार-पाच बिऱ्हाडं झाली. मी अशा एका घरात ओळखीच्या आजींकडे जायचो. खाली सामाईक स्वयंपाकघर होतं, छताला पाच बल्ब. प्रत्येक बल्ब एकेका बिऱ्हाडाचा आणि त्याचं बटण वर ज्याच्या त्याच्या खोलीत. आजी भाजी परतायला उतरायच्या तेव्हा वरून आपला दिवा लावून यायच्या आणि त्याच उजेडात शिजवायच्या. शेजारणीचा दिवा चालू असला तरी. वीजबिलाची भांडणं टाळायला लोकांनी काढलेली ही वाट. चाळीत वाढलेल्या माणसाला यावर काही समजावून सांगावं लागणार नाही.

वस्ती असलेली गल्ली बघायची तर दक्षिण शांशी रस्त्यावरची बुगाओली बघा, १९३० ची आहे. तिथे लोक राहतात, तेव्हा हळू बोला आणि खिडक्यांतून कॅमेरा घालू नका. 'शिंत्येनदी' नावाच्या नव्याने सजवलेल्या भागात मात्र जीव रमवू नका. भिंती जुन्या, आत कॉफी आणि महागडी दुकानं, रहिवासी केव्हाच हलवले. त्याला लागूनच १९२१ साली चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन भरलं ते घर आहे, तेवढं बघून निघा.

साचेखाता
वरच्या प्रतिसादात गिरण्या राहिल्या. त्यांच्याशिवाय शांघाय कळणार नाही.

माझे वडील लोअर परळला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. ८२ च्या संपानंतर आमच्या घराचं काय झालं ते इथे सांगत बसत नाही. २०१४ मध्ये यंत्रांच्या प्रदर्शनासाठी शांघायला गेलो तेव्हा ते शहरही एकेकाळी सुताचंच होतं हे कळलं. नव्वदीत तिथल्या सरकारी गिरण्या तोट्यात गेल्या. १९९८ च्या जानेवारीत सूत कातायच्या जुन्या चात्या घणाने फोडायला सुरुवात झाली, देशभरातल्या त्या मोहिमेचा पहिला घाव शांघायातच पडला. काम गेलेल्यांना तिथे 'शियाकांग' म्हणतात, अर्थ 'कामावरून खाली उतरलेले'. त्यात बायका खूप होत्या. त्याआधी, नव्वदीच्या मध्यावर, शांघायच्या विमान कंपनीने गिरण्यांतल्या काही विवाहित बायकांना हवाई सुंदरी म्हणून घेतलं. लोक त्यांना 'खोंगसाओ', म्हणजे आकाशातल्या वहिनी म्हणायचे. सगळ्या देशात गाजलं ते. पण विमानात गेल्या मोजक्याच, बाकीच्या हजारो जणींनी कुठे भाजी विकली, कुठे धुणीभांडी केली. मला त्या बाकीच्यांचीच आठवण येते.

बघायचं असेल तर दोन ठिकाणं. सूचौ खाडीकाठी मोगानशान रस्त्यावर जुन्या गिरणीत चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. आणि त्साओयांग. ही १९५१ साली बांधायला घेतलेली कामगारांची पहिली नवी वसाहत. १९५२ मध्ये आदर्श कामगारांना तिथे घरं मिळाली, त्यात गिरणीवाल्या पुष्कळ. झाडं मोठी झालीत, संध्याकाळी म्हातारे खाली पत्ते खेळतात. आईंना बाकावर निवांत बसता येईल.

मीनाक्षी_ठाणे
साचेखाता, तुमचं वाचून गळा दाटून आला.

एक वेगळं मत मांडते. पूर्वेचा_वारा दादा गल्ल्यांबद्दल मायेने लिहितात, पण ती घरं पाडली म्हणून सगळे रडले असं नाही. माझी तिथली सहकारी गल्लीत वाढली. घरात संडास नव्हता, लाकडी झाकणाची बादली होती. तिची आजी सत्तरी उलटल्यावरही पहाटे ती बादली घेऊन गल्लीच्या टोकाला रिकामी करायला जायची, मग बांबूच्या काड्यांच्या झाडणीने खरवडून धुवायची. लांब उपनगरात फ्लॅट मिळाला तेव्हा आजी पहिल्या दिवशी पाचसहा वेळा फ्लशच ओढत बसली होती. पण त्याच आजीला तिथे दार उघडून बोलायला कोणी मिळालं नाही. दोन्ही खरं आहे. आईंना हेही सांगा, नाहीतर फक्त हळहळच घेऊन येतील.

पूर्वेचा_वारा
मीनाक्षीताई, मान्य. मी पाहुणा म्हणून जायचो, बादली मला कधी उचलावी लागली नाही.

खाऊगल्ली
जेवणाचं सांगतो. गोंगदेलिन नावाचं शाकाहारी हॉटेल १९२२ पासून आहे. मांसाहारी पदार्थांसारखे दिसणारे सोयाचे पदार्थ मिळतात, आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट बघून दचकतील. सकाळी कोपऱ्यावर सोयाचं गरम दूध आणि यौथ्याव, म्हणजे पिठाचा लांब तळलेला पदार्थ, पोटभर होतो. 'सू' म्हणजे शाकाहारी, ते चिनी अक्षर मोबाईलवर मोठं करून ठेवा. पैसे सगळीकडे फोनवरून, निघण्याआधी पैसे भरायचं अलीपे अ‍ॅप घेऊन कार्ड जोडून ठेवा.

चाफेवाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला बल्बचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, आमच्याकडे नळाला कुलूप होतं. एक विचारायचं होतं: पार्कात आईबाप मुलांची लग्नं जमवतात ते खरं का? आणि आईला जायला चालेल का?

पूर्वेचा_वारा
खरं आहे. पीपल्स पार्क, शनिवार-रविवार दुपारी. जमिनीवर उघड्या छत्र्या ओळीने मांडलेल्या असतात, प्रत्येकीवर कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, फ्लॅट आहे का आणि 'हुखौ' शांघायचं आहे का. हुखौ म्हणजे १९५८ पासूनची कुटुंबनोंदणी. ती गावाकडची असेल तर शहरात वीस वर्षं राबलेल्याच्याही मुलांना शाळेत अडचण येते, म्हणून तो शब्द वर, ठळक. मुलगा-मुलगी स्वतः बहुधा नसतातच. एकुलत्या एका लेकराचे आईबाप असतात, डबा घेऊन आलेले. फोटो काढू नका, त्यांना आवडत नाही.

तो पार्क म्हणजे इंग्रजांच्या काळातलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. शेजारी रेस क्लबच्या जुन्या इमारतीत शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथे आईंचा अर्धा दिवस सहज जाईल. सोमवार सोडून जा. आणि होंगकौ भागातलं लेखक लू शुन यांचं घर चुकवू नका. १९३६ च्या १९ ऑक्टोबरला पहाटे ते तिथे वारले, खोलीतलं घड्याळ पाच पंचविसावर थांबवलेलं आहे. तुम्ही ऑक्टोबरातच जाताय. जिना अरुंद आणि उभा आहे, आईंच्या मागे तुम्ही चढा.