शाळेत दूध मिळायचं का तुम्हाला? आठवणी लिहा

लालबागची_लेक
काल दूध उतू गेलं. ओटा पुसताना तो करपट-गोड वास आला आणि एकदम शाळाच आठवली. १९८२ साल, मी तिसरीत. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबा साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. पगार थांबला आणि घरात दूध चहापुरतंच उरलं. शाळेत मात्र मधल्या सुट्टीत शिपाईमावशी ओगराळ्याने पेलाभर गरम दूध द्यायच्या. धाकटा भाऊ दोन वर्षांचा. मी अर्धं प्यायचे, अर्धं गुपचूप वॉटरबॅगेत ओतायचे. एकदा झाकण सैल राहिलं, गणिताचं पुस्तक भिजलं, दोन दिवसांनी दप्तराला वास सुटला. बाईंनी पुस्तक नाकाशी धरलं. मला वाटलं आता छडी. त्यांनी हळूच विचारलं, "घरी लहान कोण आहे गं?" दुसऱ्या दिवसापासून मावशी मला सगळ्यात शेवटी बोलवायच्या आणि उरलेलं दूध घट्ट झाकणाच्या डब्यात भरून द्यायच्या. संपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.
तुमच्याही आठवणी लिहा ना.

परळकर६०
वाचून गलबललो ताई. आमच्या वेळी पावडरचं दूध, मोठ्या पिंपात कालवलेलं. गुठळ्या व्हायच्या, त्या मिळाव्यात म्हणून भांडणं! बाबा कुठल्या गिरणीत होते?

मीनल_ठाणे
भाजी चिरता चिरता लिहितेय. मला दूध पचायचंच नाही. पोटात गुबारा, मग वर्गातून पळापळ. "नाटकं करते" म्हणून पेला संपेपर्यंत उभं ठेवायचे. शाळेचं नाव घेत नाही. चाळिशीत डॉक्टर म्हणाले, दुधातली साखर पचवणारा लॅक्टेज कमी आहे. दही-ताक मजेत चालतं. हे तेव्हा कुणाला माहीत असतं तर...

आहारवाली
मीनलताई, असं खूप जणांचं असतं. वय वाढतं तसा हा पाचकरस अनेकांत कमी होतो. दह्यात विरजणाने ती साखर बरीच कमी केलेली असते, म्हणून ते सोसतं.
पेलाभर म्हणजे २०० मिली दुधातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. वाढत्या हाडांना ते हवंच. पण दुधात लोह जवळजवळ नाही. माझ्याकडे आया येतात, "जेवत नाही पण चार बाटल्या दूध पितो" म्हणतात, आणि मूल पांढरंफटक असतं. दुधानेच पोट भरलं तर वरण-भाकरी, पालेभाजी जाणार कुठे? पोरांना दूध द्या, पण जेवणाच्या जागी नको.

पप्पू_गोरेगाव
आरेची एनर्जी, ते सुगंधी दूध!! काचेची बाटली, थंडगार. शाळा सुटली की स्टॉलवर

खिचडीताई_भांडुप
मी बचत गटातून शाळेची खिचडी शिजवायचे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० असा नियम. तांदूळ, डाळ, भाजी, तेल मोजून. दूध त्यात नाही. २०२३मध्ये आठवड्याला अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी पटावरची सगळी पोरं हजर! एक मुलगी अर्धं अंडं रुमालात बांधायची. मी काही विचारलं नाही, पुढच्या वेळी आणखी एक तिच्या हातात ठेवलं.

लालबागची_लेक
खिचडीताई, तुम्हाला नमस्कार. आमच्या मावशींनी हेच केलं.
@परळकर, गिरणी आता नाही, तिथे टॉवर आहे. भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, त्याला हा धागा पाठवलाय.

परळकर६०
त्याला म्हणावं पुढच्या वेळी आला की चहाला ये. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सुलू_मावशी
विषय जरा वेगळा. नातीला खरवस करायचाय, चीक कुठे मिळेल? दादरला विचारून दमले.

पप्पू_गोरेगाव
मावशी, आरे वसाहतीत या. १९४९ला वसवली तीच शहरातल्या म्हशी बाहेर हलवायला, तबेले अजून आहेत. आमच्या ओळखीचे भय्या आहेत, म्हैस व्याली की फोन करतात.

सुलू_मावशी
अरे वा! गूळ घालू की साखर?

मीनल_ठाणे
गूळ. आणि वेलची सढळ हाताने.

पप्पू_गोरेगाव
आत्ताच विचारलं. परवा सकाळी सातच्या आत या, किटली घेऊन.