खंडेनवमीचा नारळ मी फोडू का?

लेथवाला_सातपूर:
सलाम मंडळी. आमची ख्रिस्ती म्हणून ही चौथी पिढी, उपासना नाशिकच्या शरणपूरला. सातपूरच्या एका कारखान्यात १९ वर्षं झाली, जूनपासून शिफ्ट सुपरवायझर आहे. आमच्याकडे खंडेनवमीला मशिनची पूजा सुपरवायझरच्या हातून होते. आजवर मी मागे उभा असायचो, झेंडूच्या माळा ओवू लागायचो, कुणाचं लक्ष जायचं नाही. आता नारळ माझ्याच हातात येणार.

आडनाव गायकवाड, बोलणं इथलंच, त्यामुळे निम्म्या लोकांना मी ख्रिस्ती हे माहीतच नाही. कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग नाव जॉनबिन कसं नाही?" मीही हसून सोडून देतो. आता वाटतं, तेच चुकलं. नाही म्हटलं तर हाताखालची पोरं म्हणतील, साहेब झाला नि शेफारला. हो म्हटलं तर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला, भाकर-द्राक्षारस घ्यायला पुढं जाताना पाय अडखळेल. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना कर. करतोय, पण नवमी आठ दिवसांवर आलीय.

ठाम_मत:
बायबलमधली पहिली आज्ञा वाचा, दुसरे देव नकोत. विषय संपला.

सिस्टर_नाशिकरोड:
इतका सोपा असता तर दादांनी विचारलं नसतं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय ते खाण्याबद्दल, पूजा करण्याबद्दल नाही, ही गल्लत आपल्यात फार होते. बाजारात मिळेल ते मांस चौकशी न करता खा, म्हणतो. पण "हे मूर्तीला वाहिलेलं आहे" असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका.

मला आठवतो तो अरामी सेनापती नामान, बायबलमधलं २ राजे, अध्याय ५. कुष्ठ बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढ्याची क्षमा व्हावी. अलीशा प्रवचन झोडत नाही, "शांतीने जा" म्हणतो. पण नामानाने अडचण आधी सांगितली, लपवली नाही. तुम्ही कारखान्यात कुणाला सांगितलंत का?

जुना_शरणपूरकर:
बाळा, पूजा नको म्हणजे मशिनला हात लावू नको असं थोडंच आहे? मिशनने १८५४ मध्ये शरणपूर वसवलं. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली, त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. हत्यार जपणं आपल्याकडेही आहेच की. त्या दिवशी लेथ तू स्वतः पूस, तेल दे. नारळ तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला दे. आणि घाईचं म्हणशील तर आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक बघ. त्यांचे यजमान नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, बाईंचा १९०० चा. मधली वर्षं कोणाच्या सांगण्यावरून उरकली नाहीत त्यांनी.

लेथवाला_सातपूर:
झाली नवमी. आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. तोंड जरा पडलं त्यांचं, "आधी बोलायचं ना" म्हणाले. बरोबरच आहे, १९ वर्षं होती.

सकाळी साडेसहाला जाऊन सहा नंबरची लेथ चकपासून खालच्या बेडपर्यंत पुसली, बर म्हणजे धातूचा कीस काढला, गाईडवेला, सरकत्या पट्ट्यांना तेल दिलं. नारळ आमच्या हेल्परमामांना दिला. ३१ वर्षं इथं आहेत, पण हा मान त्यांना कधी मिळाला नव्हता. हात थरथरत होता, पहिल्या फटक्याला फुटलाच नाही. दुसऱ्याला फुटला तो पाणी थेट बेडवर. मी फडकं घेऊन धावलो, गंज धरायला वेळ लागत नाही. पोरं हसली.

मग मामा कुंकू लावत एकेकाकडे आले. माझ्यापाशी थांबले. ताट डाव्या हातात घेतलं, खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. "घ्या साहेब, नारळ आहे," एवढंच म्हणाले.

मी खाल्ला.