बोर्ड तापणं, प्लग काळा पडणं: तुमच्याकडे काय झालं होतं?

मीनल_क
काल शेजारी बोर्डातून जळका वास आला आणि लहानपणचं घर आठवलं. इस्त्री आणि हीटर एकाच मल्टिप्लगवर. आजीच म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलं होतं. बाबांनी आधी मेन बंद केला, मगच हात लावला. सॉकेट ६ अँपिअरचं. १००० वॅटच्या दोन वस्तू मिळून २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतात. तुमचे अनुभव लिहा, किरकोळ वाटले तरी.

वाटसरू
फ्यूज नाही उडाला?

मीनल_क
कुणीतरी जाड तार गुंडाळून ठेवली होती. ती कशाला उडतेय!

तारतम्य
वायरिंगचीच कामं करतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असला तरी निर्धास्त राहू नका. पिन ढिली किंवा स्क्रू सैल असेल तर तिथेच आग धुमसते; करंट काही वाढत नाही, मग एमसीबी पडणार कसा? चुरचुर आवाज, पिवळट डाग, प्लग काढताना चटका, यातलं काहीही दिसलं की सॉकेट बदला. आणि सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ चा एमसीबी बसवून घेतात लोक. आत वायर तीच! भिंतीतली वायर तापत राहते, कुणाला पत्ता नाही. हे बघून जीव तुटतो.

सई
वहिनी बाळंतीण होती, खोलीत रात्रभर हीटर. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेलीच, वर दुपटी वाळत घातलेली. पहाटे मावशींनी दुपटं उचललं तर खालची गुंडाळी इस्त्रीसारखी गरम. पूर्ण उलगडूनच वापरा गं, उष्णता बाहेर पडायला वाट हवी. हीटर तर थेट भिंतीतल्या १६ च्या सॉकेटवरच.

कुहू
बापरे सई, बाळ बरं आहे ना?

सई
हो गं, आता शाळेत जातंय 😊

नंदू७
गीझरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. एमसीबी आहे की.

तारतम्य
नंदू, गीझर आत्ता बंद करा, नळाला हात नको. गळतीचा करंट एमसीबीला कळत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लागतो. अर्थिंगही तपासून घ्या.

नंदू७
बंद केला. वायरमन संध्याकाळी येतोय.

कुहू
नंदू, काय निघालं ते नक्की लिहा. आमच्याकडे पण गीझर जुनाच आहे.