नाताळच्या भेटी विणायच्यात, वह्या संपत नाहीत

फोंड्याची बाई
आठवी-नववीला गणित शिकवते. गणेश चवथीला माझ्याकडून वाड्यावरच्या ख्रिस्ती घरांत करंज्या-मोदक जातात, नाताळला तिकडून दोदोल येतो, नारळ-गुळाचा. यंदा त्यांना हातचं काही द्यायचं ठरवलंय. मफलर सुरू केलेत, जाळीच्या नक्षीचे. पण चाचणीचे पेपर आहेत, त्यात स्नेहसंमेलनाचा नाच माझ्याच गळ्यात. रात्री सुया घेतल्या की कुठली ओळ चालली होती तेच आठवत नाही. ३ डिसेंबरची सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची आणि १९ची मुक्तिदिनाची सुट्टी धरूनही जमेलसं दिसत नाही. तुम्ही कसं बसवता?

साखळीची काकू
गो बाय, गोव्यात मफलर घालणार कोण? डिसेंबरातही पणजीत पहाटे वीस अंशांच्या आसपास असतं. लोकर बेळगाव-पुण्याच्या पाहुण्यांसाठी ठेव. जाड सुती दोरा घे आणि क्रोशाने कपाखालचे गोल कर. सहा मुक्या खांबांनी (क्रोशाचा आखूड, साधा टाका) सुरुवात, मग दर फेरीला सहा वाढव: ६, १२, १८, २४. गोल सपाट बसतो. गणिताच्या बाईला हे लिहून ठेवायला नको! शिवाय सुयांवरून टाके निसटतात, क्रोशात उघडा टाका एकच. त्यात सेफ्टी पिन अडकवायची, पिशवीत टाकायचं आणि वर्गावर जायचं.

कदंबात विणणारी
शाळेत मात्र काढू नका. मोकळ्या तासाला विणताना दिसलात की बदली तास तुमच्याच नावावर. मी येता-जाता कदंब बसमध्ये विणते, बसायला मिळालं तर. सुयाच हव्या असतील तर जाळी सोडा, दोन्ही बाजूंनी सगळे सुलट टाके. कडा गुंडाळत नाहीत, मोजायचं नाही, अर्ध्या ओळीवरही थांबता येतं. सुती दोऱ्याची वीतभर चौकोनी फडकी करा, स्वयंपाकघरात रोज वापरली जातात.

पेडणेकर
नाच दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाला.

फोंड्याची बाई
घालून बघितला, परत आला. :) मफलर एकच पुरा करते, पुण्याच्या नणंदेला, तोही संक्रांतीपर्यंत. काकू, काल गोल करून पाहिला, कडा वाटीसारख्या वर आल्या. माझा हात घट्ट आहे म्हणून का?

साखळीची काकू
असेल. पण आधी फेरी मोज, वाढवायचे टाके राहिले तरी तसंच होतं. आकडा बरोबर असेल तर क्रोशाची सुई थोडी जाड घे.