अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम्सचा अभ्यास नक्की कसा करायचा?

देवगडची_लेक
नमस्कार मंडळी. मी एमकॉम करतेय, ह्या सेमला अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम्स आहे आणि मला काहीच झेपत नाहीये. टॅली मला बारावीपासून येतं, जर्नल-लेजरचं टेन्शन कधीच नव्हतं, पण इथे डेटा फ्लो डायग्राम (माहिती कोणाकडून कोणाकडे जाते ते बाणांनी दाखवायचं), ईआर डायग्राम (कुठल्या गोष्टींची नोंद ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय त्याचं चित्र), रेव्हेन्यू सायकल, इंटर्नल कंट्रोल असं सगळं आहे, रात्री पाठ करते आणि सकाळी कोरी पाटी. टेस्टला विक्रीची सिस्टिम काढून दाखवा असं आलं होतं, मी व्हाउचर एन्ट्र्या लिहून आले, २० पैकी ६. आता एखाद्या छोट्या धंद्याची सिस्टिम काढून प्रोजेक्ट द्यायचाय, आमची हापूसची बाग आहे पण त्यात कसली आलीय सिस्टिम? कुठून सुरुवात करू?

खारेपाटणचा_दादा
अगं बागेतच सगळं आहे, दुसरीकडे जाऊच नको. वाशीच्या दलालाकडून येते ती पट्टी घे हातात. त्यात किती पेट्या, काय भाव, हमाली-भाडं वजा, आधी घेतलेली उचल वजा, आणि खाली हातात येणारी रक्कम, बरोबर? टॅलीत तू फक्त ती खालची रक्कम टाकशील. हा विषय विचारतो की हा आकडा तिथपर्यंत आला कसा, वाटेत कोणी मोजलं, कोणी लिहिलं, कोणी तपासलं. माल मोजणारा, विकणारा आणि हिशेब देणारा एकच माणूस असेल तर चूक पकडणार कोण? म्हणून ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे द्यायची, ह्यालाच पुस्तकात सेग्रिगेशन ऑफ ड्युटीज म्हणतात. आणि बाबांची वही, गाडीवाल्याची पावती, पट्टी हे तीन कागद शेजारी ठेवून ताडून बघणं म्हणजे थ्री वे मॅच, कंपनीत खरेदीच्या वेळी हेच पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल ह्यांचं करतात.
ईआरसाठी रीआ मॉडेल वाच, मॅकार्थीने १९८२ मध्ये मांडलं, रिसोर्स, इव्हेंट, एजंट. पेटी हा रिसोर्स, विक्री हा इव्हेंट, बाबा आणि दलाल एजंट. डेबिट-क्रेडिटला फक्त रुपये दिसतात गं, पाच डझनी पेटी की सहा डझनी, कुठल्या दिवशी उतरवली, कोणी भरली हे त्यात बसतच नाही, म्हणून हे मॉडेल आलं. मला हे नोकरीत ईआरपीवर, म्हणजे कंपनीची सगळी कामं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बसल्यावर कळलं, कॉलेजात कोणी असं सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

चिपळूण_अकाउंट्स
वरचं पटलं, पण कंट्रोल म्हणजे फक्त चोरी पकडणं नव्हे हेही लक्षात ठेव. २२ जुलै २०२१ च्या पुरात मी ज्या ऑफिसात होते तिथे कॉम्प्युटर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच्याच खालच्या ड्रॉवरमध्ये. बॅकअप दर शनिवारी न चुकता घेतला जायचा हो, पण पाणी आलं तेव्हा दोन्ही एकदमच गेलं. पुढचे कित्येक महिने पार्ट्यांकडून बिलांच्या झेरॉक्स मागून आम्ही वर्ष उभं केलं, चिखलाने चिकटलेली पानं पंख्याखाली सुकवून एकेक सुटी केली. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा हे तुझ्या पुस्तकात एका ओळीत असेल, ती ओळ सोडू नकोस.
आणि एडिट लॉग वाच. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद करता न येणं सक्तीचं आहे.

मालवण_७७
परीक्षेसाठी एक केस पक्की कर, २०१८ चा पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा. हमीचे मेसेज स्विफ्टवरून (बँका एकमेकींना निरोप पाठवतात ते नेटवर्क) बाहेर जात होते आणि बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे मुख्य हिशेबाच्या सिस्टिममध्ये, त्यांची नोंदच नव्हती कारण दोन सिस्टिम जोडलेल्या नव्हत्या. एवढं एक नीट समजलं की इंटिग्रेशन कशासाठी ते वेगळं पाठ करावं लागत नाही. आणि डायग्राम पेन्सिलने काढ, चारदा खोडावा लागतोच.

देवगडची_लेक
दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांची वही आणि गेल्या सीझनच्या पट्ट्या घेऊन बसले. एका दिवशी वहीत ४० पेट्या आणि पट्टीत ३८. बाबांना विचारलं तर म्हणाले दोन फुटल्या होत्या, गाडीवाल्याने फोनवर सांगितलेलं, पण लिहिलेलं कुठेच नाही!! पहिल्यांदा वाटलं की हे पाठ करायचं नाहीये, शोधायचंय. आता फुटीचा बाण गाडीवाल्याकडून काढू की दलालाकडून?

खारेपाटणचा_दादा
दोघांकडून काढ. दोघांनी वेगवेगळं लिहून दिलं तरच बाबांना ताडून बघता येईल. आणि फूट हा वेगळा इव्हेंट दाखव, विक्रीत मिसळू नको.