'ऑटो' म्हणजे तुमच्याकडं काय? अनुभव लिहा

सांगली-साताऱ्याकडं कोण कशाला ऑटो म्हणतं ते सगळ्यांनी लिहा, मी सुरुवात करतो. आष्ट्याजवळ आमचा ऊस आहे, आमच्यात ऑटो म्हणजे मोटरीच्या पेटीतला ऑटो स्विच. शेतीची लाईट आठवडाभर दिवसा न आठवडाभर रात्री, मग रात्री लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते, अंधारात साप-विंचवातनं विहिरीवर जायला लागत नाही. पण एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांचेच ऑटो, मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते, आणि लाईट आली की सगळ्या एकदमच उठतात. ऐन उन्हाळ्यात आमचा डीपी असाच जळाला, उसाची नवी लागण डोळ्यादेखत वाळली. आता आम्ही ठरवून टायमर लावलेत, कुणाची मोटर दोन मिनिटांनी, कुणाची पाच. तरी दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, माणूस लागतोच.

विटा : आमच्याकडं ऑटो म्हणजे ऑटोलूम, आपोआप चालणारा कापडाचा माग. वडील साध्या मागावर होते, धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपली की हातानं बदलायची, सूत तुटलं तर नजर पाहिजे, नाहीतर कापडात फॉल्ट. ऑटोलूमला ताण्याच्या (उभ्या) प्रत्येक दोऱ्यावर पातळ पत्र्याची पट्टी लटकलेली असते. दोरा तुटला की पट्टी खाली पडते, करंट जुळतो न माग जागेवर उभा राहतो. जपानात साकिची टोयोडांनी १९२४ साली सूत तुटलं की थांबणारा न कांडी संपत आली की धोटाच आपोआप बदलणारा माग काढला, टोयोटा गाड्यांच्या कारखान्यात पुढं हाच विचार नेला, काही बिघडलं की मशीननं स्वतः थांबायचं. मला विचाराल तर खरं ऑटो हेच. वडिलांना दिवसभर मागाकडं डोळे लावून उभं राहायला लागायचं, ते मी बघितलंय.

कुपवाड एमआयडीसी : सीएनसीवर (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनवर) ऑटो हा मोड असतो, एडिट, जॉग, एमडीआय या मोडांच्या शेजारी. नवीन प्रोग्रॅम आधी सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवायचा, मगच ऑटो. पोरांना हे पहिल्याच दिवशी शिकवा, टूल जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) आदळला तर स्पिंडलच, म्हणजे मशीनचा फिरणारा मुख्य दांडाच, जातो.

कोरेगाव : आमच्यात ऑटो म्हणजे मोबाईल स्टार्टर, फोनवरनं मोटर चालू-बंद करायचा. रेंज असली तर झकास.

तासगाव : द्राक्षबागेला ठिबकचं ऑटोमेशन केलंय, व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात न बंद होतात, घरातनं मीच बघते. पण टायमरला पाऊस कळत नाही. मणी पिकायला लागले न वरनं पाऊस आला की तडकायची भीती, त्यात ठिबकचं पाणी चालू राहिलं तर बघायलाच नको, म्हणून ढग दिसले की मी शेड्यूल हातानं बंद करते. आष्टेकर, ऑटोसोबत ड्राय रनचं प्रोटेक्शन आहे का तुमच्या पेटीत? नसलं तर बसवून घ्या, विहीर आटली न मोटर कोरडी फिरली तर ऑटो तिला थांबवत नाही.